बारा कानांचा निवाडा

कानांविषयीं माणसाला जितका खोटा अभिमान असतो तितका डोळ्यांविषयीं नसतो. डोळा मंदावला म्हणजे मनुष्य निमूटपणें चष्मा लावतो आणि चारचौघांत तो पुसतोही. पण आपल्याला कमी ऐकूं येतें असें आपण होऊन कबूल करणारा मनुष्य मला तरी अजून भेटावयाचा आहे. जो तो समोरच्याला 'जरा मोठ्यानें बोला' म्हणून सांगतो आणि दोष त्याच्या जिभेच्या माथीं मारतो. त्यांतून ज्याला गाण्याची थोडीबहुत आवड आहे त्याच्या अभिमानाला तर पारावारच नाहीं. मी त्यांतलाच एक. आमच्या गोतावळ्यांत गेलीं तीस-पस्तीस वर्षें मी 'कानाचा पक्का' म्हणून नांवाजलेला आहें. कोणी टेपरेकॉर्डर घेवो, सीडीचा प्लेयर घेवो, कीं मोबाइलला लावावयाचा हेडफोन घेवो, दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं तो मला विचारतो. मी डोळे मिटतों, क्षणभर ऐकतों, मान एका बाजूला कलती करतों आणि निकाल देतों. तो निकाल फेरविचारासाठीं आजवर कोणीं माझ्यापुढें परत आणला नव्हता. गेल्या पौषांत तामलवाडीस तो परत आला, आणि फेरविचार करण्याची पाळी खुद्द माझ्यावरच आली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण तींत माझी फजिती असली तरी केवळ फजितीच नाहीं.

तामलवाडी हें आमचें मूळ गांव. सोलापुराहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर तें वसलेलें आहे. कोजागिरीच्या सुमारास देवीच्या दर्शनाला पायीं निघालेल्या लोकांची रीघ ह्याच रस्त्यानें रात्रभर जाते, आणि एरवीं अहोरात्र मालमोटारींची वर्दळ चालते. म्हणजे सूक्ष्म श्रवणाला हें स्थळ फारसें अनुकूल आहे असें मुळींच नाहीं. पण शेतांतला शाळू हुरड्याला आला कीं शहरोशहरीं पांगलेल्या आम्हां मंडळींचे पाय आपोआप तिकडे वळतात. माझी थोरली बहीण गांवांतच राहते. तिचे यजमान भजनी मंडळाचे म्होरके होते. त्यांना जाऊन चार वर्षें झालीं. त्यांच्या आवाजांतल्या भजनांच्या अकरा कॅसेटी ताईनें आपल्या ट्रंकेंत लुगड्यांच्या घड्यांखालीं जपून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकीं तीन माझ्या भाच्यानें पुण्यास नेऊन संगणकावर उतरवून आणल्या. आणि त्या आईला जशाच्या तशा ऐकतां याव्या म्हणून एखादा उंची प्लेयर घेण्याचें त्याच्या मनानें घेतलें. दीड लाख रुपये त्यानें त्यासाठीं बाजूला काढले होते. पगारावर घर चालविणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हे. 'मामा, तुम्ही एकदां ऐकून सांगा, म्हणजे मी डोळे झांकून घेतों,' असा त्याचा फोन आला, आणि माझी मान तिथल्या तिथेंच एका बाजूला कलली.

उंची यंत्रांच्या शौकिनांत अशी एक रीत आहे कीं, चार-सहा जणांनीं कोणाच्या तरी घरीं जमावें, दोन-तीन प्लेयर शेजारीं शेजारीं मांडावे, एकच गाणें सर्वांवर पाळीपाळीनें वाजवावें आणि मग कोणता सरस ह्याचा सर्वांनीं मिळून निवाडा करावा. एकट्याच्या कानापेक्षां अनेकांचे कान बरे, हें तत्त्व वरकरणीं निर्विवाद दिसतें. आम्हींही तेंच केलें. हुरड्याच्या निमित्तानें सहा श्रोते जमले: मी, ताई, भाचा, भाच्याचा पुण्याचा एक मित्र, सोलापूरचे माझे एक वकील स्नेही आणि भजनी मंडळांत पेटी वाजविणारे बुवा. सातवे होते दूरसंचार खात्यांतून निवृत्त झालेले एक इंजिनियर. ते जोडणी करून देण्यापुरते आले होते. ताईच्या जवळ आधींपासून असलेला आठ हजारांचा साधा प्लेयर, मित्राचा जुना चाळीस हजारांचा आणि त्याचाच नवा दीड लाखाचा, असे तीन प्लेयर एकाच अँप्लिफायरला आणि एकाच स्पीकरच्या जोडीला पाळीपाळीनें जोडावयाचे असें ठरलें.

पहिल्या रात्रींची बैठक मोठी रंगली. कोणत्या यंत्राची किंमत काय हें सर्वांना ठाऊक होतें, आणि कोणतें यंत्र चाललें आहे हें सर्वांना समोर दिसत होतें. आठ हजारांचा प्लेयर संपला, दीड लाखाचा सुरू झाला, आणि दोन मिनिटांच्या आंत मीं तोंड उघडलें. 'मधला पडदा कोणीं तरी बाजूला केला,' मी म्हणालों. 'एकतारीच्या झंकारावर ही जी झळाळी आहे ना, ती मघां नव्हती.' वकिलांना ती झळाळी लगेच दिसली. मित्राला, ज्याचें यंत्र होतें त्याला, ती पूर्वींपासूनच दिसत होती. भाच्याला भजनाच्या पाठीमागची शांतता अधिक खोल वाटली. बुवांनीं टाळांचा आवाज 'सुटा सुटा' झाल्याची ग्वाही दिली. असें पांचांचें एकमत झाल्यावर मीं ताईकडे पाहिलें. ती पदराचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळीत म्हणाली, 'मला तर समदं एकच वाटलं रं. पर तुम्ही जाणती माणसं. तूं म्हणतोस तर आसंल.' आणि ज्यांच्या आवाजाची परीक्षा चालली होती त्या माणसाबरोबर जिनें पंचेचाळीस वर्षें संसार केला तिचें मत आम्हीं असें विनयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालों.

सकाळीं चहाच्या वेळीं इंजिनियर साहेबांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, 'काल कोणतें यंत्र किती मोठ्यानें वाजत होतें, हें कोणी मोजलें का?' कोणींच मोजलें नव्हतें. त्यांनीं मीटर लावून पाहिलें. एकाच चाचणीच्या सुरावर स्वस्त यंत्रांतून दोन व्होल्ट बाहेर पडत होते आणि महागड्या यंत्रांतून सव्वादोन. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. आवाजाच्या भाषेंत तो सुमारें एक डेसिबलचा भरतो. गंमत अशी कीं, इतका अल्प फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून सहसा कळतच नाहीं. तो 'भरदार', 'स्पष्ट', 'जिवंत' अशा गुणांचें सोंग घेऊन येतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करतांना त्यांचे आवाज एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवून घ्यावे, असा जाणत्यांचा दंडक आहे. आम्हीं तो पाळला नव्हता. पडदा कोणीं बाजूला केला होता तें आतां थोडेंसें ध्यानांत येऊं लागलें.

पण आवाजाचा फरक हें अर्धेंच उत्तर झालें. पांच जणांना एकाच रात्रीं एकच झळाळी कशी दिसली, हा प्रश्न राहतोच. १९३५ सालीं मुझफर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. अगदीं काळोख्या खोलींत एक स्थिर प्रकाशबिंदु दाखविला तर तो हलल्याचा भास होतो. किती हलला हें माणसांना एकेकटें विचारलें असतां प्रत्येकाचें उत्तर निराळें येतें. पण त्यांनाच एकत्र बसवून मोठ्यानें उत्तरें द्यावयास लावलें म्हणजे तीं उत्तरें हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, आणि पुढें पुन्हां एकटें बसविलें तरी माणूस मंडळींत ठरलेलेंच माप मनाशीं धरून चालतो. बिंदु मात्र जागचा हललेलाच नसतो. आमच्या बैठकींत पहिला बोललों मी, आणि माझी ख्याति माझ्या आधीं बोलली होती. बाकीच्यांनीं यंत्र ऐकलें कीं मला ऐकलें, हें मला आतां सांगतां येणार नाहीं.

समुदायाच्या कानांची ही दुबळी बाजू यंत्रें विकणारांना फार पूर्वींच कळली होती. १९१५ पासून पुढें सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांव जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारीं तिची तबकडी लावलेला फोनोग्राफ. दिवे मालवावयाचे, आणि श्रोत्यांनीं ओळखावयाचें कीं आतां कोण गात आहे. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें असा प्रयोग झाला, आणि भरल्या सभागृहांत लोक चकित होऊन गेले. यंत्र गाणारणीच्या बरोबरीला पोंचलें असा बोलबाला झाला. खरा प्रकार असा होता कीं, गायिकाच आपला आवाज यंत्राच्या बेताचा ठेवून गात असे. अशा प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस ह्या गायिकेनेंच पुढें हें सांगितलें. म्हणजे परीक्षा यंत्राची होती आणि तींत उतरली ती माणसाची नक्कल करण्याची कला!

हा झाला सामान्य श्रोत्यांचा समुदाय. जाणकारांच्या सभेचा अनुभव आपल्याकडचाच आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याच्या साहाय्यानें बावीस श्रुतींचीं मापें ठरविण्याचा खटाटोप केला आणि १९१० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. सनदी नोकरींतील क्लेमंट्स साहेबांनीं त्यांच्या मताला उचलून धरलें आणि त्या श्रुति देणारी एक खास हार्मोनियम तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. ती श्रुति-हार्मोनियम तेथें जाणत्यांपुढें आली, पण तिच्या स्वरांविषयीं त्या विद्वत्सभेचें एकमत झालें नाहीं. मला ह्यांत आश्चर्य वाटत नाहीं. त्या सभेंतील प्रत्येक जण आपापलें घराणें, आपापला ग्रंथ आणि आपापला गुरु कानांत घेऊन बसलेला असणार. सामान्यांची सभा चटकन् एक होते आणि विद्वानांची कधींच एक होत नाहीं. पण दोन्ही ठिकाणीं कानापेक्षां बलवत्तर असें कांहीं तरी निर्णय देऊन जातें.

असो. इंजिनियर साहेबांनीं त्या दिवशीं दुपारीं परीक्षेचें रूपच बदललें. महागड्या यंत्राची कळ किंचित् उतरवून दोन्ही यंत्रांचे आवाज मीटरवर तंतोतंत जुळविले. सर्व यंत्रें त्यांनीं शेजारच्या खोलींत नेलीं आणि मधल्या दारावर घोंगडी टांगली. म्हणजे आम्हांला यंत्र दिसणार नाहीं, आणि त्यांचा चेहरा आम्हांला दिसणार नाहीं. ह्या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व मला आधीं समजलें नव्हतें. परीक्षकाला उत्तर ठाऊक असेल आणि तो समोर बसला असेल, तर त्याच्या भुंवईवरून श्रोते उत्तर वाचतात. प्रत्येक खेपेस स्वस्त यंत्र आणि महाग यंत्र हीं प्रथम नांवानिशीं अर्ध्या-अर्ध्या मिनिटापुरतीं ऐकवावयाचीं, मग नाणें उडवून छाप पडल्यास एक आणि कांटा पडल्यास दुसरें, असें तिसऱ्यांदां निनांवी ऐकवावयाचें. आणि तें कोणतें हें प्रत्येकानें आपापल्या चिठ्ठीवर लिहावयाचें. बोलावयाचें नाहीं, मान डोलवावयाची नाहीं, 'वाहवा' म्हणावयाचें नाहीं. अशा दहा खेपा.

पहिल्या दोन खेपांना मला तो खेळ वाटला. तिसऱ्या खेपेपासून मला घाम फुटूं लागला. नांवानिशीं ऐकलें कीं झळाळी दिसे. नांव काढून घेतलें कीं ती कोठें जाई कोण जाणे! आठव्या-नवव्या खेपेला मीं काय लिहिलें तें निव्वळ अंदाजानें लिहिलें, आणि वर कोणी माझी चिठ्ठी पाहत नाहीं ना म्हणून हाताचा आडोसाही केला. चिठ्ठ्या मोजल्या. दहांपैकीं माझीं उत्तरें बरोबर आलीं पांच. नाण्याला कान असते तर त्यालाही तितकींच आलीं असतीं. भाच्याचीं पांच, मित्राचीं सहा, बुवांचीं चार, ताईचीं चार. आणि वकिलांचीं आठ.

वकिलांचा चेहरा उजळला. माझें सिंहासन त्यांच्याकडे जावयास निघालेलें पाहून, खरें सांगावयाचें तर, मला यंत्रापेक्षां त्याचेंच दुःख अधिक झालें. पण इंजिनियर साहेबांनीं पेन्सिल काढली. केवळ अंदाजानें लिहिणाराचीं दहांपैकीं आठ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्यें ५६, म्हणजे शेंकडा साडेपांच. एकट्या माणसाला हा योग दुर्मिळ खरा. पण श्रोते सहा होते. सहांपैकीं कोणा तरी एकाला असा योग येण्याचा संभव शेंकडा २८-२९ निघतो. म्हणजे सारे बहिरे बसविले तरी अशा शंभर बैठकींपैकीं अठ्ठावीस-एकोणतीस बैठकींतून एखादा 'सोन्याच्या कानाचा' महापुरुष उत्पन्न होणारच! सहाही जणांचीं मिळून साठ उत्तरें, त्यांत बत्तीस बरोबर. तीसच्या आसपासचा हा आंकडा. वकील उमदे गृहस्थ. त्यांनीं चहा घेऊन पुन्हां दहा खेपा ऐकल्या. ह्या वेळीं पांच आल्या, आणि ते मोठ्यानें हंसले.

आमचा हा माजघरांतला प्रयोग म्हणजे कांहीं शास्त्र नव्हे. पण शास्त्रानें केलेले प्रयोगही त्याच वाटेनें गेलेले आहेत. १९९४ सालीं फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ह्यांनीं चाळीस श्रोत्यांना तेच स्पीकर एकदां दिसत असतांना आणि एकदां पडद्याआड ऐकवून गुण द्यावयास लावले, तेव्हां डोळ्यांनीं पाहून दिलेले गुण आणि नुसत्या कानांनीं दिलेले गुण जुळले नाहींत. २००७ सालीं मेयर आणि मोरान ह्यांनीं सीडीपेक्षां वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेंत गुपचूप सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि तो ओळखतां येतो का हें पाहिलें. ५५४ खेपांत बरोबर उत्तरें आलीं २७६. नाणें उडविल्यासारखाच निकाल. ह्यावरून सर्व यंत्रें सारखीं असा सिद्धान्त काढण्याची मात्र घाई करूं नये. 'फरक सांपडला नाहीं' आणि 'फरक नाहीं' हीं दोन वाक्यें एक नव्हत. टूल-ऑलिव्ह ह्यांच्या प्रयोगांत पडद्याआडही स्पीकर-स्पीकरमधील भेद श्रोत्यांना कळत होते. कारण स्पीकर आणि खोली ह्यांचे भेद मुळांतच ठळक असतात. शिवाय परीक्षेच्या दडपणाखालीं कान थिजतो, अर्ध्या मिनिटांत जें जाणवत नाहीं तें महिनाभराच्या सहवासांत जाणवतें, असें म्हणणारांचाही मी अगदींच अव्हेर करणार नाहीं. त्यांना एवढेंच सांगणें कीं, महिनाभर ऐका, पण घोंगडीआड ऐका.

त्या दुपारचें एक शल्य अजून सांगावयाचें आहे. परीक्षा आटोपल्यावर इंजिनियर साहेबांनीं एक सूर हळूहळू वरच्या पट्टींत चढवीत नेला आणि ऐकूं येईनासा होतांच ज्यानें त्यानें हात वर करावा असें सांगितलें. तरुण निरोगी कान सेकंदाला वीस हजार कंपांच्या जवळपास पोंचतो. वय वाढेल तशी ही मर्यादा खालीं येते. नऊ हजारांच्या आसपास माझा हात वर गेला. इकडेतिकडे पाहतों तों भाचा अजून शांतपणें ऐकत बसला होता. तो पुढें पंधरा हजारांपर्यंत गेला. ज्या 'झळाळी'चें मी वर्षानुवर्षें वर्णन करीत आलों, तिचा बराचसा भाग ह्या दोन आंकड्यांच्या मधल्या प्रदेशांत असतो. मी त्या प्रदेशाचा रहिवासी राहिलेला नव्हतों, तरी त्याची प्रमाणपत्रें मात्र वांटीत होतों! कोणाकोणाला मीं आजवर काय काय घ्यावयास लावलें असेल, ह्याची यादी त्या रात्रीं माझ्या डोळ्यांसमोरून गेली, आणि तींत दोघे असे होते कीं ज्यांना ती उधळपट्टी परवडण्यासारखी नव्हती.

तर मग अशा बैठकी निरुपयोगीच म्हणावयाच्या काय? मला तसें वाटत नाहीं. आणि ह्याचें कारण तो चाळीस हजारांचा प्लेयर. पहिल्याच रात्रीं तो वाजूं लागला तेव्हां बुवा म्हणाले होते, 'आवाज उजव्या अंगाला झुकतोय.' तें मला जाणवलें नव्हतें. त्यांनीं सांगितल्यावर मीं लक्ष दिलें, आणि मग तें मला असें जाणवूं लागलें कीं, आधीं कसें जाणवलें नाहीं ह्याचेंच नवल वाटलें. 'हा तर शेरीफचाच प्रकाशबिंदु!' असें कोणी म्हणेल. पण सकाळीं मीटर लावला तेव्हां डावी बाजू खरोखरच दीड डेसिबलनें मंद निघाली. त्या यंत्रांत बिघाड होता, आणि तो मालकालाही ठाऊक नव्हता. एकाचा कान बाकीच्यांच्या कानांना वाट दाखवितो तो असा. बैठक दोष शोधावयास चांगली असते. कोठें पाहावें, कोठें कान द्यावा, हें एकमेकांपासून शिकावयास तर तिच्यासारखी शाळा नाहीं. मीटरनें पुढें त्या दोषाची शहानिशा केली. पण मीटर कोठें लावावा हें बुवांच्या कानानें सांगितलें.

पुढें वाचतांना मला समाधान वाटलें कीं ह्या विषयांतले पंडितही हाच भेद करतात. सूक्ष्म ध्वनिभेदांच्या परीक्षेसाठीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९४ सालीं जी शिफारस केली तींत परीक्षेचे दोन टप्पे सांगितलेले आहेत. शिकण्याच्या टप्प्यांत श्रोत्यांनीं तिघा-तिघांच्या लहान गटांत बसावें, मोकळेपणानें बोलावें आणि ऐकूं आलेले दोष एकमेकांस दाखवावे. पण गुण देण्याच्या टप्प्यांत प्रत्येकानें एकटें, आणि कोणतें काय आहे हें ठाऊक नसतांना, बसावें. आम्हीं पहिल्या रात्रीं हे दोन टप्पे एकांत कालविले होते. शिकतां शिकतांच निकाल लावून टाकला होता. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हें न शिकवितां जाणतात. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे त्यांच्याकडे जातात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर वाजतात. तंबोरा कसा असावा ह्याची चर्चा त्यांच्या दुकानांत दहा जण करतील. पण जवारी काढावयाची वेळ आली म्हणजे घोडीवर वाकलेला असतो तो एकटा कारागीर आणि त्याचा कान.

समूहश्रवणाचा खरा उपयोग कशांत आहे ह्याचा एक मोठा दाखला महाराष्ट्रांतच घडलेला आहे. १९५६ सालीं पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें सुमारें दीडशे गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन केलीं. लोकांनीं रेडिओभोंवतीं जमून शेतीचा कार्यक्रम ऐकावयाचा आणि मग त्यावर आपसांत चर्चा करावयाची. अशीं मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान इतर गांवांपेक्षां पुष्कळच वाढल्याचें पाहणींत आढळलें. आमचा जिल्हा त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होता; तेव्हां तामलवाडीला त्यांत वांटा मिळाला नाहीं. पण तेथें जमलेल्या शेतकऱ्यांनीं रेडिओ कोणत्या बनावटीचा चांगला ह्याचा निवाडा केला नव्हता. रेडिओवर जें सांगितलें त्याची त्यांनीं चर्चा केली होती. अनेकांनीं मिळून ऐकण्याचें फळ तेथें आहे.

आणि आमच्या बैठकीचेंही फळ शेवटीं तेथूनच आलें. यंत्रांचा विषय संपल्यावर संध्याकाळीं भजनें नुसतीं ऐकत बसलों असतांना बुवा म्हणाले, 'ह्या कॅसेटीवर खरखर फार. वरचा टाळ मुळांतच नाहीं राहिला.' इंजिनियर साहेबांनीं दुजोरा दिला. घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटींत बारा-पंधरा हजारांच्या वरचे कंप मुळांतच क्वचित् उतरतात. त्यांतून फीत वर्षानुवर्षें पडून राहिली, ओल लागली, कीं तिच्यावरचा लेप सुटूं लागतो. जें फितीवर नाहीं तें दीड लाखाचें यंत्र कोठून आणणार? उलट, ट्रंकेंत राहिलेल्या आठ कॅसेटींतून काय काय दरसाल निघून जात असेल, ह्याचा विचार आम्हां जाणत्यांपैकीं एकानेंही केला नव्हता. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें आईला विचारलें, 'आई, तुला ह्यांतला कोणता पाहिजे?' ताईनें आठ हजारांच्या प्लेयरवर हात ठेवला. 'ह्येला गोल खटका हाय. रातीं चष्मा न लावतां हाताला घावतो.'

प्लेयर तोच राहिला. बाजूला काढलेल्या पैशांतून आठही कॅसेटी जाणत्या माणसाकडून नीट साफ करवून उतरवून घ्यावयाच्या, असें ठरलें. त्यांतली एक मध्येंच तुटलेली निघाली, बाकीच्या सात हातीं लागल्या. सातव्या कॅसेटीच्या शेवटीं भजन संपल्यावर कोणीं तरी यंत्र बंद करावयाचें विसरलेलें आहे. भांड्यांचा आवाज येतो, आणि यजमान कोणाला तरी सांगतात कीं बाहेर गारठा आहे, आंत येऊन बसा. ताई तेवढाच तुकडा पुन्हां पुन्हां लावते, असें भाचा मला फोनवर सांगत होता. बोलतां बोलतां त्यानें विचारलें, 'मामा, हेडफोन घ्यावा म्हणतों. दोन आवडले आहेत. तुम्ही ऐकून सांगाल?' माझी मान संवयीनें कलूं लागली होती. ती मीं हातानें सरळ केली आणि त्याला म्हणालों, 'आणायला हरकत नाहीं. पण येतांना घोंगडी घेऊन ये.'